जलप्रलयाची कथा आणि कालव्यातला गाळ



चैत्र-वैशाखात आपल्याकडे नद्या आटतात, विहिरींचे तळ दिसू लागतात, आणि संध्याकाळी जरा वारा सुटला म्हणजे माणसे व्याख्याने ऐकावयास बाहेर पडतात. ज्या देशाची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत त्या इराकात मात्र, विसाव्या शतकात मोठी धरणे उभी राहीपर्यंत, हेच दिवस महापुराचे असत. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्या उत्तरेकडील डोंगरांतून येतात. तिकडचे बर्फ वसंतात वितळते, आणि एप्रिल-मे महिन्यांत, शेतात जव कापणीला आलेले असताना, पाण्याचा लोंढा सपाटीवर उतरे. इजिप्तमधील नाईलचा पूर उन्हाळ्याच्या अखेरीस येई, जमीन भिजवून व गाळ पसरून ओसरे, आणि मग पेरणी होई. तो पूर म्हणजे घरी आलेला पाहुणा. तैग्रिस-युफ्रेटिसचा पूर म्हणजे हातातोंडाशी आलेला घास पळविणारा दरोडेखोर. जगातील सर्वांत जुनी लिहिलेली जलप्रलयाची कथा नाईलच्या काठी न सापडता या दोन नद्यांच्या काठी सापडली, याचे आम्हांला तरी नवल वाटत नाही.

चालकांनी विषय विचारला तेव्हा किमान वेतन, कंत्राटी पद्धत असे काहीतरी निघेल अशी त्यांची समजूत होती. ‘जलप्रलय’ हे नाव ऐकल्यावर फोनवर क्षणभर शांतता पसरली. त्यांचेही काही चुकले नाही. आम्ही पंडित नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढची तीसएक वर्षे कंत्राटी कामगारांच्या संघटनेत गेली, आणि त्यांतले बहुसंख्य कामगार नाले उपसणारे. जे वाचले ते रात्री, सार्वजनिक वाचनालयाच्या मेहेरबानीने. बाबिलोनच्या लिपीतले एक अक्षरही आम्हांला येत नाही. जाणत्यांनी इंग्रजीत केलेल्या भाषांतरांवर आमची सारी भिस्त. तरीही हा विषय आम्ही हट्टाने घेतला, आणि त्याचे कारण पुढे आपोआप कळेल.

प्रथम एका माणसाची ओळख करून देतो. जॉर्ज स्मिथ हा १८४० साली लंडनमध्ये एका सामान्य कुटुंबात जन्मला. चौदाव्या वर्षी त्याला एका छापखान्यात उमेदवार म्हणून ठेवले. काम काय, तर नोटा छापण्यासाठी धातूच्या पत्र्यावर बारीक रेघा कोरावयाच्या. दुपारची सुट्टी झाली की हा मुलगा जेवणाचा वेळ वाचवून ब्रिटिश म्यूझियम गाठी आणि इराकातून आलेल्या मातीच्या पाट्यांपुढे जाऊन उभा राही. या पाट्यांवर ओल्या मातीत बोरूने टोचून काढलेली खिळ्यांच्या आकाराची अक्षरे असतात. म्हणून तिला कीलाकार लिपी म्हणतात. ती वाचण्याची किल्ली ज्यांनी मिळवून दिली त्यांतले एक हेन्री रॉलिन्सन. हे गृहस्थ १८२७ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात भरती होऊन मुंबईस आले होते, आणि पुढे इराणातील बेहिस्तूनच्या कड्यावर चढून त्यांनी दारियस राजाचा लेख उतरून घेतला. तर या पाट्यांकडे टक लावून पाहणारा हा पोरगा म्यूझियममधल्या मंडळींच्या नजरेत भरला. ज्या डोळ्यांना नोटेवरची केसाएवढी रेघ दिसते त्या डोळ्यांना तुटक्या पाटीवरचे अर्धे अक्षरही दिसते. पुढे रॉलिन्सनच्या शिफारशीने स्मिथला तेथेच नोकरी मिळाली. ना कॉलेज, ना पदवी. हे वाचले तेव्हा, खरे सांगावयाचे तर, आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो होतो.

त्या पाट्या मुख्यत्वे निनेव्हे येथील, असुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहातल्या. इ. स. पू. ६१२ मध्ये शत्रूंनी निनेव्हे जाळले. कागद असता तर राख झाली असती. माती असल्यामुळे ग्रंथ आगीत अधिकच पक्के भाजले गेले. १८५३ साली मोसुलच्या होर्मुझ्द रस्साम यांच्या खोदकामात त्यांतला मोठा भाग निघाला. रस्साम हे त्याच मातीतले. म्हणून की काय, श्रेयाच्या वाटणीत त्यांचे नाव बराच काळ मागे राहिले.

१८७२ च्या नोव्हेंबरात एका पाटीवर स्मिथला अशी ओळ दिसली की, जहाज डोंगरावर अडकले आहे, आणि सोडलेले कबूतर टेकावयास जागा न मिळाल्याने परत आले आहे. पाटीवर चुनखडीसारखा थर चढलेला होता. तो काढणारा कारागीर बाहेरगावी. स्मिथने ते दिवस तळमळत काढले. पाटी साफ होऊन हाती आली तेव्हा तो आनंदाने खोलीत धावू लागला आणि अंगावरचे कपडे काढू लागला, असे पुढे त्याच म्यूझियममधल्या एका अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. ३ डिसेंबर १८७२ रोजी लंडनच्या ‘सोसायटी ऑफ बिब्लिकल आर्किऑलॉजी’त त्याने हा वृत्तान्त वाचला तेव्हा श्रोत्यांत पंतप्रधान ग्लॅडस्टन बसलेले होते. बायबलातील नोहाची गोष्ट, आणि ती मूर्तिपूजक बाबिलोनच्या पाटीवर! श्रद्धाळू म्हणाले, बायबल खरे ठरले. चिकित्सक म्हणाले, बायबल उसने ठरले. एका वृत्तपत्राने एक हजार गिनी देऊन स्मिथला उरलेला भाग शोधण्यासाठी निनेव्हेला पाठविले. १८७३ च्या मे महिन्यात, खोदकाम सुरू करून आठवडा उलटतो न उलटतो तोच, जुन्या खोदकामाच्या मातीच्या ढिगांत त्याला प्रलयकथेचा एक तुकडा सापडला. मालकांनी ताबडतोब कळविले की काम झाले, परत या. आमच्या कामगारांना ही तऱ्हा चांगली ठाऊक आहे. तीन वर्षांनी, तिसऱ्या सफरीत, १९ ऑगस्ट १८७६ रोजी हा माणूस अलेप्पो येथे आमांशाने वारला. वय छत्तीस.

तो तुकडा लक्षात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

स्मिथने वाचलेली पाटी ही गिलगामेश या महाकाव्याची अकरावी पाटी. मरण चुकविण्याचा उपाय शोधीत गिलगामेश राजा उतनपिश्तीम नावाच्या वृद्धाकडे जातो, आणि तो वृद्ध त्याला आपण प्रलयातून कसे वाचलो ते सांगतो. शुरुप्पाक नगरात तो राहत असे. देवांनी प्रलय करण्याचे ठरविले आणि बाहेर न बोलण्याची शपथ घेतली. इआ नावाच्या देवाने शपथही मोडली नाही आणि भक्तालाही वाचविले: त्याने बोरूच्या कुडाला उद्देशून भाषण केले, कुडापलीकडच्या माणसाने ते ऐकले. घर मोड, होडी बांध. आता एवढी मोठी होडी एकटा माणूस कशी बांधणार? लोक विचारतील तेव्हा काय सांगू, असे त्याने विचारले. तेव्हा देवाने शिकविले की असे सांग, तुमच्यावर सुबत्तेचा पाऊस पडणार आहे, पहाटे भाकरी आणि सायंकाळी गहू. बाबिलोनच्या भाषेत त्या शब्दांवर श्लेष आहे असे जाणते म्हणतात. म्हणजे ऐकणाऱ्याला सुबत्ता ऐकू यावी आणि बोलणाऱ्याला नाश ठाऊक असावा.

मग सुतार कुऱ्हाड घेऊन आले, बोरूकाम करणारे दगड घेऊन आले. रोज बैल आणि मेंढ्या कापल्या, मद्य आणि तेल नदीच्या पाण्यासारखे वाटले, नववर्षाचा सणच जणू. कामगारांना इतके उत्तम वागविल्याचा दाखला जुन्या वाङ्मयात क्वचितच सापडेल. एक गोष्ट त्या म्हाताऱ्याच्या बाजूने नमूद केली पाहिजे: होडीत त्याने आपले कुटुंब आणि पशू यांच्याबरोबर कसबी कारागिरांनाही घेतले. नोहाच्या तारवात त्यांना जागा नाही. परंतु सारे कामगार आत आले नाहीत. होडीचे दार बाहेरून बुजविणारा एक माणूस होता, पुझुर-एन्लिल. दार बाहेरून बुजवावयाचे म्हणजे बुजविणारा बाहेर राहणार हे उघडच. त्याला मजुरी म्हणून उतनपिश्तीमने आपला राजवाडा, आतील सर्व चीजवस्तूंसह, देऊन टाकला.

काव्य त्याच्याविषयी पुढे एक शब्दही बोलत नाही. भाष्यकार त्या ओळीवर फारसे रेंगाळत नाहीत. आम्हांला मात्र तो माणूस वारंवार आठवतो. वाड्याच्या पायरीवर बसला असेल, हातात डांबराचे भांडे, आणि आभाळात काळा ढग वर येत असेल.

ही होडी कशी होती यावरही अलीकडे प्रकाश पडला आहे. गिलगामेशात ती लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी एकशेवीस हात अशी चौकोनी सांगितली आहे. ब्रिटिश म्यूझियमचे आयर्विंग फिंकेल यांनी २०१४ साली एका अधिक जुन्या पाटीचे वाचन प्रसिद्ध केले, इ. स. पू. १९०० ते १७०० च्या दरम्यानची, तळहातात मावणारी, साठ ओळींची. त्यात होडी गोल आहे, टोपलीसारखी दोर वळून विणलेली आणि डांबराने माखलेली. तशा लहान गोल होड्या इराकात विसाव्या शतकापर्यंत चालत. तुंगभद्रेवर हंपीला गेलेल्या मंडळींनी तसली होडी पाहिलीच असेल. त्या पाटीवरून लहान प्रमाणात एक होडी बांधून पाहिली तीही आपल्या केरळात, तिथल्या कारागिरांच्या हातून. ती तरंगली, पण गळतही होती.

असो. स्मिथच्या वाचनानंतर मूळ प्रश्न उभा राहिला तो असा: असा प्रलय खरोखर झाला होता काय? शोध जमिनीखाली सुरू झाला. १९२२ पासून लिओनार्ड वूली हे दक्षिण इराकातील उर येथे खोदकाम करीत होते. १९२८-२९ च्या हंगामात एक खड्डा खोल खणताना खापऱ्या संपल्या आणि स्वच्छ गाळ लागला. खड्ड्यातील मजुराने वर सांगितले की कोरी जमीन लागली, आता काही नाही. वूलींनी मापे घेतली. इतक्या उंचीवर कोरी जमीन लागू नये असा त्यांचा हिशेब. त्यांनी मजुराला आणखी खणावयास लावले, आणि तो नाखुशीने खणू लागला. सुमारे आठ फूट गाळ गेल्यावर खाली पुन्हा गारगोटीची हत्यारे आणि रंगीत खापऱ्या निघाल्या. वर वस्ती, खाली वस्ती, मध्ये आठ फूट नुसता गाळ. वूलींनी दोन सहकाऱ्यांना बोलावून अर्थ विचारला; त्यांना सांगता येईना. मग पत्नीला विचारले, आणि त्या जाता जाता सहज बोलून गेल्या की हा तर तो प्रलयच. कॅथरिन वूलींचा हा उद्गार जगभर झाला. आठ फूट गाळ उपसणाऱ्याचे नाव वूलींच्या त्या हकिकतीत नाही.

पुढच्या हंगामात वूलींनी साठ फुटांहूनही खोल, प्रचंड खड्डा घेतला, आणि तेथे गाळाचा थर अकरा फुटांपर्यंत भरला. तीनशे मैल लांब आणि शंभर मैल रुंद मुलूख या पुराने बुडविला असावा, असे अनुमान त्यांनी बांधले. परंतु उरपासून बारा मैलांवरच्या एरिडू येथे त्या थराचा मागमूस नाही. उरच्या गाळात पुरलेला एक सांगाडा फिलाडेल्फियाच्या म्यूझियममध्ये एका पेटीत बेवारशासारखा पडून होता. २०१४ साली जुन्या नोंदी ताडून पाहताना त्याची ओळख पटली. साडेसहा हजार वर्षांपूर्वीचा, चांगल्या कमावलेल्या शरीराचा, पन्नाशीचा पुरुष. त्याचे दफन गाळात झाले, म्हणजे गाळ त्याच्याही आधीचा. कीश येथेही पुराचे थर निघाले, आणि खुद्द शुरुप्पाक येथे १९३१ साली एरिक श्मिट यांना दोनएक फुटांचा थर मिळाला. पण शुरुप्पाकचा थर इ. स. पू. २९०० च्या सुमाराचा. उरच्या थरात आणि यात हजाराहून अधिक वर्षांचे अंतर. थोडक्यात, प्रलय शोधावयास गेलेल्यांना पूर सापडले; एक नव्हे, अनेक. सुमेरच्या जुन्या राजावळीत प्रलयापूर्वीचे राजे आणि नंतरचे राजे असे भाग पाडले आहेत, आणि प्रलयानंतर राज्य कीशला आले असे म्हटले आहे. म्हणून पुष्कळ विद्वान शुरुप्पाकच्या पुराकडे बोट दाखवितात. त्यात तथ्य असेल. पण दोन फूट गाळाने जग बुडत नाही.

मग काहींची नजर समुद्राकडे वळली. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीवरचे एवढे पाणी बर्फात अडकले होते की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे एकशेवीस मीटर खाली होता. इराणचे आखात सरासरी पस्तीस मीटर खोल. म्हणजे त्या काळी ते आखातच नव्हते, नदीचे खोरे होते. बर्फ वितळत गेले तसतसा समुद्र आत शिरत गेला आणि सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी उरच्या बाजूला येऊन थांबला. हजारो वर्षे माणसे एकेक पिढी मागे सरत गेली असतील. १९९७ साली विल्यम रायन आणि वॉल्टर पिटमन या अमेरिकी भूशास्त्रज्ञांनी काळ्या समुद्राचा सिद्धान्त मांडला: साडेसात हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राचे पाणी बॉस्फरसची सामुद्रधुनी फोडून काळ्या समुद्राच्या गोड्या सरोवरात कोसळले, काठचे लोक चहूकडे पळाले, आणि कथा त्यांच्याबरोबर गेली. वर्तमानपत्रांना हे फार आवडले. पुढे इतर संशोधकांनी गाळाचे नमुने तपासून म्हटले की पाणी चढले ते हळूहळू, आणि डॅन्यूबच्या मुखाशी केलेल्या अभ्यासात ही चढ पाच-दहा मीटरांपलीकडे निघाली नाही. वाद अजून मिटलेला नाही. पण समजा मिटला. तरी काळ्या समुद्रापासून शुरुप्पाकपर्यंत तीन-चार हजार वर्षे तोंडातोंडी कथा चालत आली, हे सिद्ध करावयाचे राहतेच. ते अशक्य आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील एकवीस ठिकाणच्या मूळ रहिवाशांच्या कथा पॅट्रिक नन आणि निकोलस रीड यांनी गोळा केल्या. आज जेथे समुद्र आहे तेथे पूर्वी आमचे लोक चालत जात, असे त्या सांगतात, आणि समुद्राच्या पातळीचा हिशेब पाहता त्या आठवणी सात हजार वर्षांहून जुन्या ठरतात. निरक्षर माणसाची स्मरणशक्ती हा थट्टेचा विषय नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या मनात आतापर्यंत मत्स्यावतार आला असेल. शतपथ ब्राह्मणातील मूळ गोष्ट फार साधी आहे. हात धुण्याच्या पाण्यात मनूला इवलासा मासा मिळतो. मला वाचव, मी तुला वाचवीन, असा करार होतो. मासा मडक्यातून खड्ड्यात, खड्ड्यातून समुद्रात जातो. पूर आल्यावर मनू होडीचा दोर त्याच्या शिंगाला बांधतो आणि उत्तरेच्या डोंगरावर पोहोचतो. सप्तर्षी आणि बीजे महाभारतात येतात, विष्णू तर आणखी पुढे. ही कथा बाबिलोनहून आली की येथेच उपजली, यावर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. सिंधू संस्कृतीच्या धर्तीच्या मुद्रा उर येथे सापडल्या आहेत, म्हणजे व्यापारी जात-येत होते. मालाबरोबर गोष्टीही गेल्या-आल्या असतील. पण आमचे लक्ष दुसरीकडे जाते. मनूच्या कथेत पूर का आला याचे कारणच नाही. कोणी चुकले नाही, कोणी रागावले नाही. गिलगामेशातही तसेच: देवांच्या मनात आले. कारण हरवलेले आहे, आणि ते सापडले त्या दुसऱ्या काव्यात. स्मिथचा १८७३ मधला तो तुकडा गिलगामेशाचा नव्हताच. तो अत्रहसीस नावाच्या काव्याचा होता. या काव्याचा उपलब्ध मजकूर लॅम्बर्ट आणि मिलर्ड यांनी इंग्रजी भाषांतरासह १९६९ साली प्रसिद्ध केला. म्हणजे स्मिथच्या व्याख्यानानंतर सत्त्याण्णव वर्षांनी प्रलयाचे कारण सामान्य वाचकाच्या हाती आले.

आणि कारण काय? एक संप.

आम्ही आमच्या पदरचे काही घालीत नाही. काव्य सुरू होते तेच मुळी माणूस नव्हता आणि देवांनाच राबावे लागे त्या काळापासून. अनुन्नकी या थोर देवांनी इगीगी या खालच्या देवांवर काम लादले. कोणते काम? कालवे खणण्याचे. तैग्रिस आणि युफ्रेटिस यांची पात्रेसुद्धा त्यांनीच खणली. वर्षांवर वर्षे गेली, रात्रंदिवस काम. शेवटी ते कुरकुरू लागले, खणलेल्या मातीच्या ढिगांवर बसून बोलू लागले, आणि मग त्यांनी कुदळी-फावडी आणि टोपल्या पेटवून दिल्या. ऐन मध्यरात्री त्यांनी एन्लिल या अधिपतीच्या वाड्याला वेढा घातला. धन्याला उठविण्यात आले. एन्लिलचा चेहरा पडला. त्याने आपला कारभारी नुस्कू याला बाहेर पाठविले आणि विचारावयास लावले की, या भांडणाचा म्होरक्या कोण आहे? उत्तर आले की, आम्हां प्रत्येकाने हे युद्ध पुकारले आहे; काम फार झाले, ते आम्हांला मारीत आहे.

पावसाळ्यापूर्वी एका नगरीत नाल्यांतला गाळ उपसणाऱ्या माणसांनी थकलेल्या मजुरीसाठी काम थांबविले होते. तेव्हा साहेबांनी बाहेर येऊन हाच प्रश्न केला. सर्वांनी माना खाली घातल्या, आणि हळूच एकाने आमच्याकडे बोट दाखविले. इगीगी अधिक धीट होते हे मान्य केले पाहिजे.

पुढचे अधिक बोधप्रद आहे. एन्लिलच्या डोळ्यांत पाणी आले आणि एका देवाला ठार करावे अशी गोष्ट निघाली. पण इतर थोर देव म्हणाले की यांना दोष कशाला द्यावयाचा, यांचे काम खरोखरच जड होते. तडजोड ठरली. राबण्यासाठी नवा प्राणी घडवावा. एका देवाला मारून त्याचे रक्तमांस मातीत कालविले, आणि मातृदेवतेने त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया घडविल्या. देवांच्या खांद्यावरची टोपली माणसाच्या खांद्यावर आली. माणसांनी नवी कुदळ-फावडी केली, मोठे कालवे बांधले. माणसांच्या पोटासाठी आणि देवांच्या नैवेद्यासाठी.

बाराशे वर्षेही झाली नाहीत तोच माणसे वाढली, आणि त्यांच्या गलबल्याने एन्लिलची झोप उडाली. त्याने रोगराई पाठविली. तेव्हा एन्की (गिलगामेशातला इआ तो हाच) अत्रहसीसला सल्ला देतो की, तुमच्या नेहमीच्या देवांची पूजा बंद करा, नैवेद्य बंद करा. फक्त रोगाच्या देवाच्या दारी जा. तसे केल्यावर तो देव ओशाळला आणि रोग हटला. मग अवर्षण आले. पुन्हा तोच उपाय. शेवटी एन्लिलने प्रलय ठरविला. सात दिवस, सात रात्री. माणसे मेली, आणि नैवेद्य थांबले. थोर देव भुकेने आणि तहानेने तळमळू लागले. मातृदेवता रडू लागली की माझी मुले पाण्यावर तरंगताहेत. पाणी ओसरल्यावर अत्रहसीसने हवन केले, तेव्हा वासासरशी देव माशांसारखे त्याच्याभोवती जमले. बाबिलोनच्या कवीने आपल्याच देवांना माश्या म्हटले आहे.

आता तो गलबला म्हणजे काय? १९७२ साली अ‍ॅन किल्मर या विदुषींनी त्यात लोकसंख्यावाढीची काळजी पाहिली, आणि काव्याच्या शेवटी काही स्त्रिया वांझ राहाव्यात, काही अर्भके दगावावीत, काही पुजारिणींनी मूल होऊ देऊ नये, अशी जी व्यवस्था लावली आहे ती पाहता त्यांचे म्हणणे भरभक्कम दिसते. इतर काहींनी त्यात बंडाचा आवाज ऐकला. आम्हांला दोन्ही पटतात, कारण ज्या देशात ही कथा लिहिली गेली तेथे माणसांची गर्दी आणि कामाचा गलबला या दोन गोष्टी कालव्याच्या काठीच एकत्र येत. त्या नद्यांचे पाणी गाळाने गढूळ. कालव्यात पाणी घेतले की गाळ तळाशी बसतो, तळ वर येतो, बांध अपुरे पडतात. वर्षोवर्षी उपसले नाही तर एके वसंतात पाणी बांध फोडते. हम्मुराबी राजाने लार्साच्या सिन-इद्दिनम या अधिकाऱ्याला पाठविलेली पत्रे उपलब्ध आहेत. एकात हुकूम आहे की, दमानुम कालव्याच्या काठी ज्यांची शेते आहेत त्यांना बोलवा आणि या महिन्यात कालवा साफ करवून घ्या. त्याच्या कायद्यात कलम आहे की, ज्याने आपला बांध दुरुस्त ठेवला नाही आणि त्यामुळे शेजाऱ्यांची शेते बुडाली, त्याने नुकसान भरून द्यावे. अत्रहसीसची जी सर्वांत चांगली प्रत मिळाली आहे ती याच घराण्यातील अम्मीसदुक राजाच्या काळची, इ. स. पू. सतराव्या शतकातली.

म्हणून वूलींच्या अकरा फुटांकडे पाहताना आम्हांला वाटते की, एकच भयंकर पूर शोधण्यात विद्वानांचे पुष्कळ श्रम वाया गेले. तो गाळ प्रत्येक वर्षी येत होता. कधी बोटभर, कधी हातभर, आणि एखाद्या पिढीला पुरुषभर. ज्यांनी तो टोपलीने वाहिला त्यांना पुराचे आणि कामाचे नाते पुस्तकावाचून ठाऊक होते, आणि कथेच्या तोंडाशी कालवे खणणाऱ्यांचा संप येतो तो कवीच्या लहरीने येत नाही. चीनकडे पाहा. तेथील पुराणकथेत गुन हा नऊ वर्षे बांध घालून पूर अडवू पाहतो आणि फसतो. त्याचा मुलगा यू हा तेरा वर्षे पात्रे खणून, गाळ काढून पाणी समुद्राला मिळवितो, आणि त्या काळात तीनदा स्वतःच्या दारावरून जाऊनही घरात पाऊल टाकीत नाही. तेथे होडीच नाही. २०१६ साली चिनी संशोधकांनी पीत नदीच्या जिशी घळीत दरड कोसळून तुंबलेले पाणी इ. स. पू. १९२० च्या सुमारास फुटल्याच्या खुणा दाखविल्या आणि यूचा पूर तो हाच असे म्हटले. त्यावरही आक्षेप आले. पण कोणताही पूर खरा धरला, तरी त्या लोकांनी आठवणीत ठेवले ते खणणाऱ्याला.

अत्रहसीसच्या त्या प्रतीवर नकलणाऱ्याची सही आहे. इपिक-आया त्याचे नाव, हुद्दा कनिष्ठ लेखनिक. तीन पाट्या. प्रत्येक पाटीच्या शेवटी त्याने ओळी मोजून आकडा घातला आहे: पहिलीत ४१६, दुसरीत ४३९, तिसरीत ३९०, आणि अखेरीस एकूण बेरीज, १२४५. आम्ही ती बेरीज करून पाहिली. बरोबर आहे.